मीरा-भाईंदरला भाड्यानं राहता? करारावर घरातल्या बाईचंही नाव घाला

आपल्या तालुक्यांतल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आज मीरा रोड, भाईंदर, काशिमीरा भागात राहतंय. कुणी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आहे, कुणी हॉटेलात, कुणी दवाखान्यात. बाया घरकामाला, पोळ्या लाटायला, पॅकिंगला जातात. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत एवढी माणसं वाढली, ती बरीचशी बाहेरून पोटासाठी आलेली. अशा माणसांची सुरुवात बहुतेक वेळा भाड्याच्या खोलीतच होते.

आणि मग कधीतरी गावाला फोन येतो. "मालक म्हणतोय आठ दिवसांत खोली खाली करा. नाही केली तर सामान बाहेर फेकीन." गावाकडून सल्ला ठरलेला असतो: "कोर्टकचेरीच्या भानगडीत पडू नको, गप दुसरी खोली बघ." सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण आठ दिवसांत दुसरी खोली म्हणजे नवं डिपॉझिट, एजंटची दलाली, टेम्पोचं भाडं, पोरांची शाळा आणि बाईची हातातली चार घरची कामं, सगळ्याचाच प्रश्न येतो. जुनं डिपॉझिट परत मिळेल याचीही खात्री नसते.

म्हणून हा लेख. यात सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे. कायद्यानं बाईला वकील मोफत मिळतो, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो. पण त्याचा घरासाठी पुरेपूर उपयोग व्हायचा तर भाड्याच्या करारावर बाईचं नाव असलेलं बरं. आता हे एकेक करून बघू.

आदेशाशिवाय कुणी बाहेर काढू शकत नाही

घर मालकाचं असतं, हे खरं. पण घरात राहणाऱ्या माणसाला जबरदस्तीनं बाहेर काढायचा अधिकार मालकाला नसतो. कुलूप बदलणं, सामान जिन्यात टाकणं, चार माणसं घेऊन दारात येणं, हे कायद्यात बसत नाही. मालकाला घर हवं असेल तर त्यानं कायद्यानं नेमलेल्या ठिकाणी अर्ज किंवा दावा करायचा आणि आदेश आणायचा.

हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये स्पष्ट सांगितलं, आणि तेही आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात. शोभा व्यंकट राव नावाच्या बाईंनी करारानं उपाहारगृह चालवायला घेतलं होतं. कराराची मुदत संपली होती. तरी कोर्टाची वाट न धरता त्यांना जागेवरून हटवलं गेलं. त्या गप्प बसल्या नाहीत. न्यायालयानं सांगितलं की जो माणूस जागेत स्थिरपणे राहतोय, त्याचा तिथं राहण्याचा हक्क संपला असं धरलं तरी मालकाला त्याला कायद्याच्या मार्गानंच काढता येतं. एका बाईनं लढलेल्या दाव्याचा हा निकाल आज भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

समजा तुम्ही कामावर होता आणि मागे कुलूप बदललं. अशा वेळी विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम ६ प्रमाणे ताबा परत मागता येतो. पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. सहा महिने "मालक आज देईल, उद्या देईल" करण्यात गेले तर हा सोपा रस्ता बंद होतो.

तुमचा कागद कोणता आहे?

भाड्याच्या घराचे कागद दोन तऱ्हेचे असतात. तुमचा कोणता, हे आधी बघा. कारण दोघांचे हक्क वेगळे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे भाडेकरू. जुन्या चाळी, पागडीच्या खोल्या, वर्षानुवर्षं भाडेपावतीवर राहणारी कुटुंबं यात येतात. यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं चांगलं संरक्षण आहे. भाडं थकलं तरी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. त्याआधी थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं व्याजासह कोर्टात भरलं तर त्या कारणावरून घर जात नाही. पाणी, वीज, संडास-सफाई अशा गरजेच्या सोयी मालकानं कारणाशिवाय तोडल्या तर कलम २९ खाली कोर्टात अर्ज करता येतो. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूपण येऊ शकतं. म्हणजे विधवा बाईला "भाडेपावती तुझ्या नवऱ्याच्या नावावर होती, आता निघ" असं सरळ म्हणता येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट म्हणतात ते हेच. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांचा कागद हा असतो. यात संरक्षण कमी आहे. मुदत संपली की घर सोडावं लागतं. नाही सोडलं तर मालक कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडं मागू शकतो. महिना ८ हजार असेल तर १६ हजार. पण इथंही मालकाला अर्ज करावाच लागतो. स्वतः दारात येऊन सामान काढता येत नाही.

समन्स आलं की ३० दिवस मोजा

सक्षम प्राधिकाऱ्याकडून समन्स आलं तर बरेच जण ते टीव्हीच्या मागे ठेवून देतात. "बघू, मालकाशी बोलू." इथंच घर जातं. कारण नियम असा आहे की समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आपलं म्हणणं मांडायची परवानगी मागावी लागते. मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून आदेश होतो.

प्रतिज्ञापत्र कसं लिहायचं, काय कारण द्यायचं, हे वकिलाचं काम. आणि तीस दिवसांत वकील शोधायचा, फी जमवायची, तारखेला सुट्टी घ्यायची, हे रोजंदारीवरच्या माणसाला जमत नाही. म्हणून मोफत वकिलाचा मुद्दा महत्त्वाचा.

बाईला वकील मोफत, उत्पन्न न बघता

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदत कुणाला मिळते त्याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, लहान मूल, औद्योगिक कामगार आणि बाई. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. आपल्या भागातल्या आदिवासी बांधवांनी हे खास लक्षात ठेवावं: तिथं पुरुषालाही उत्पन्न न बघता वकील मिळतो. या यादीत न बसणाऱ्या पुरुषाला मात्र उत्पन्नाची मर्यादा लागते आणि दाखला जोडावा लागतो.

मोफत म्हणजे काय काय? वकिलाची फी, कोर्ट फी, समन्सचा खर्च, कागद तयार करणं, निकालाच्या नकला. कायद्यात "न्यायालय" या शब्दात न्यायनिवाडा करणारं कुठलंही प्राधिकरण येतं. त्यामुळे सक्षम प्राधिकाऱ्यापुढच्या घराच्या प्रकरणातही ही मदत मागता येते. नेमून दिलेल्या वकिलानं पक्षकाराकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितले तर त्याच कार्यालयात तक्रार करा.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरानं घर खाली करण्याच्या खटल्यात कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना वकील देण्याचा कायदा २०१७ मध्ये केला, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. आपल्याकडे बाईला ही सोय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फक्त माहिती घरापर्यंत पोचत नाही.

मग करारावर नाव का?

कारण करार एकट्या नवऱ्याच्या नावावर असला तर समन्स त्याला येतं आणि प्रकरणात पक्षकार तोच असतो. तो वरच्या यादीत बसत नसेल आणि पगार मर्यादेच्या वर असेल, तर त्याला खासगी वकील करावा लागतो. बाई घरात राहत असते, भाडं तिच्याही पगारातून जात असतं, पण कागदावर ती नसते. करारावर दोघांची नावं असली तर ती स्वतः पक्षकार होते आणि स्वतःसाठी मोफत वकील मागू शकते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. करारावर सही केली की भाड्याची जबाबदारी तिच्यावरही येते. भाडं थकलं तर नोटीस तिलाही येईल. पण जी बाई नाहीतरी ते भाडं भागवतेच आहे, तिच्यासाठी जबाबदारीबरोबर हक्क येणं केव्हाही चांगलं.

नवरा सोडून गेला तर

हा प्रसंग गावाकडच्या माणसांना सांगायला जड जातो, पण घडतो. नवरा निघून जातो, भाडं थांबतं, मालक दारात येतो आणि म्हणतो, "करार त्याच्याशी होता, तुझ्याशी नाही."

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा बी. पी. अचला आनंद यांच्या प्रकरणातला निकाल आहे. भाडेकरू नवऱ्यानं बायकोला सोडलं आणि घराच्या दाव्यात लक्ष घालणं बंद केलं, तर त्या घरात राहणारी बायको स्वतः तो दावा लढवू शकते, असं न्यायालयानं सांगितलं. मात्र नवऱ्याला जेवढे हक्क होते तेवढेच तिला मिळतात, जास्त नाही. आणि घटस्फोट झाला की हा हक्क आपोआप राहत नाही. म्हणून घटस्फोटाच्या दाव्यातच राहण्याच्या घराचा मुद्दा वकिलाला मांडायला सांगा.

शिवाय कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ आहे. त्यात "सामायिक घर" म्हणजे फक्त मालकीचं घर नाही, भाड्याचं घरही येतं. नवऱ्यानं मारहाण करून बाहेर काढलं तर दंडाधिकारी तिला त्या घरात राहू देण्याचा आदेश देऊ शकतात. किंवा तशाच दुसऱ्या घराची सोय करायला, त्याचं भाडं द्यायला नवऱ्याला सांगू शकतात. हा आदेश नवऱ्याविरुद्ध असतो. मालकाशी झालेल्या कराराची मुदत त्यानं वाढत नाही, हे ध्यानात ठेवा.

बायकांनी हे काम आधीही केलंय

कुणाला वाटेल, कोर्टाचं काम बायकांना कुठं जमतं? मुंबईचा इतिहास बघा. १९८१ मध्ये फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला सुरुवात झाली तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जुलै १९८५ ला निकाल आला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो आणि हटवण्याआधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हे त्यात ठरलं. झोपड्या कायम ठेवायचा आदेश मात्र मिळाला नाही.

त्याच काळात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी 'स्पार्क' या संस्थेबरोबर काम सुरू केलं. घरं मोजली, माणसं मोजली, कोण किती वर्षं राहतंय, काय काम करतंय ते लिहून घेतलं. १९८६ मध्ये त्यातून 'महिला मिलन' उभी राहिली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका त्यात पुढे होत्या. बचत, हिशेब, अधिकाऱ्यांशी बोलणं, सगळं त्यांनीच केलं. त्यांचा प्रश्न फुटपाथचा होता, भाड्याच्या फ्लॅटचा नव्हता. पण त्यांनी शिकवलेली गोष्ट भाडेकरूलाही लागू आहे: आपण इथं राहतो याचा कागद आपल्याकडे असेल, तर समोरचा आपल्याशी नीट बोलतो.

आज हेच काम विधी स्वयंसेवक करतात. त्यांना पीएलव्ही म्हणतात. ही योजना २००९ पासून आहे. ते वकील नसतात. पण अर्ज लिहून देणं, कार्यालयात घेऊन जाणं, समन्स वाचून दाखवणं हे करतात. बचत गटातल्या, अंगणवाडीतल्या बायका हे काम चांगलं करू शकतात. तुमच्या गटातल्या कुणाला इच्छा असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत चौकशी करा. गावातली एक बाई तयार झाली तर शहरात गेलेल्या दहा घरांना फोनवर सल्ला मिळेल.

करार नोंदवायला किती खर्च?

"रजिस्टर नको, खर्च होतो, साध्या स्टॅम्पवर करू," असं एजंट म्हणतो. हिशेब करून बघा. भाडं ८ हजार, अकरा महिने म्हणजे ८८ हजार. डिपॉझिट ३० हजार असेल तर त्यावर वर्षाला दहा टक्के धरून साधारण ३ हजार मिळवायचे. या बेरजेवर शेकडा पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे तीनशे रुपयांच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. बाकी एजंट घेईल तो त्याचा मेहनताना.

आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.

उद्यापासून काय करायचं

१. नवा करार करताना नवरा-बायको दोघांची नावं घालायला सांगा. नोंदणी झालेल्या कराराची प्रत मोबाइलमध्ये आणि एक प्रत गावाकडे ठेवा.

२. भाडं शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. रोख दिलं तर पावती घ्या. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. डिपॉझिट किती दिलं ते करारात लिहून घ्या.

३. मालक भाडं घ्यायला नाही म्हणाला तर घाबरू नका. बँकेतून पाठवा, पाठवल्याचा पुरावा ठेवा. "भाडं दिलंच नाही" हे कारण त्याला मिळू देऊ नका.

४. धमकी दिली, कुलूप लावलं, सामान फेकलं तर ११२ वर फोन करा, फोटो आणि व्हिडिओ काढा. पोलीस "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणाले तरी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तो कागद पुढे दाव्यात लागतो.

५. नोटीस किंवा समन्स आलं तर त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात विधी सेवेच्या कार्यालयात जा. मोफत मदतीचा देशभरचा नंबर १५१०० आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी चालतं.

६. घरात मारहाण असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

आधी मीरा-भाईंदरच्या माणसाला कोर्टाच्या कामासाठी ठाण्याला जावं लागायचं. घोडबंदर रोडची बस, नाहीतर दादरला गाडी बदलून. एका तारखेला अख्ख्या दिवसाचा रोज बुडायचा. २०२५ मध्ये मीरा रोडला न्यायालय सुरू झालं. सगळीच प्रकरणं तिथं चालत नाहीत, तरी आपलं प्रकरण तिथं चालेल का, हे वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा.

कायदा कुठे थांबतो

हे सगळं वाचून कुणी असं समजू नये की मुदत संपल्यावरही घर अडवून बसता येतं. मालकही अनेकदा आपल्यासारखाच, कर्ज काढून फ्लॅट घेतलेला माणूस असतो. करार संपला की घर त्याला परत द्यायचं असतं. मोफत वकिलाचा उपयोग खोटं लढायला नाही. त्याचा उपयोग आहे तो पोरांची परीक्षा होईपर्यंत मुदत मागायला, दुप्पट भाड्याचा बोजा टाळायला, डिपॉझिट परत मिळवायला आणि जबरदस्ती थांबवायला.

आणि तडजोड होत असेल तर ती सगळ्यात स्वस्त. डिपॉझिट अडकलं असेल तर दावा न लावताही लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून ठेवता येतं. त्याला कोर्ट फी नाही. तिथं दोघांनी मान्य केलेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी आकडा आणि तारीख नीट वाचून घ्या.

तुमची मुलगी, सून, बहीण मीरा रोडला, भाईंदरला किंवा नालासोपारा-विरारकडे भाड्यानं राहत असेल तर आजच तिला फोन करून दोन गोष्टी विचारा. करारावर तुझं नाव आहे का? आणि १५१०० हा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये सेव्ह आहे का?